क्रोन्स म्हणण्याआधीचे दोन महिने

जेवल्यावर तासा-दीड तासाने बेंबीच्या उजव्या अंगाला पीळ पडतो, पोटात गोळा फिरतो, गुडगुड शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाते, आणि एक उलटी किंवा दोन जुलाब झाले की मोकळं वाटतं. गॅस्ट्रोच्या ओपीडीत आमच्यापुढे येणाऱ्या बऱ्याच फायलींची सुरुवात थोड्याफार फरकाने अशीच असते. सोबत आणलेल्या जुन्या कागदांवर गॅस, अमिबा, आयबीएस (सूज नसताना पोट बिघडत राहण्याची तक्रार) असं काहीबाही लिहिलेलं असतं. एखाद्याचं अपेंडिक्सही काढून झालेलं असतं. पण गोळा फिरून, आवाज होऊन मोकळं होणं हा साधा गॅस नव्हे. कुठेतरी आतडं अरुंद झालंय आणि त्यातून अन्न पुढे ढकलायची धडपड चाललीय, असा त्याचा अर्थ धरून पुढे जायचं.

अरुंद होण्याची आवडती जागा म्हणजे लहान आतड्याचं शेवटचं टोक, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं. पंचाईत अशी की क्रोन्स (जंतूशिवाय आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार) आणि आतड्याचा टीबी या दोघांनाही हीच जागा आवडते. ग्लासगोचे सर्जन डालझिल यांनी 1913 साली असे काही पेशंट नोंदवले, तेव्हाही 'टीबीसारखं दिसतं पण जंतू सापडत नाहीत' हाच मुद्दा होता. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई हॉस्पिटलातून क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांचा लेख आला, तोही हा आजार टीबीपासून वेगळा काढण्यासाठीच. (लेखकांची नावं आद्याक्षराच्या क्रमाने छापली होती, म्हणून आजाराला क्रोन यांचं नाव चिकटलं.) युरोप-अमेरिकेत हा प्रश्न आता मागे पडलाय. आपल्याकडे तो अजून पहिल्या पानावरच आहे, कारण चूक दोन्ही बाजूंनी महागात पडते. टीबीला क्रोन्स समजून स्टेरॉईड दिलं तर टीबी अंगभर पसरतो, आणि क्रोन्सला टीबी समजून वर्षभर गोळ्या चालवल्या तर तेवढ्या काळात सुजेच्या जागी व्रण धरून आतडं कायमचं आवळतं.

पहिल्या भेटीत पेशंट आपणहून सांगत नाही अशा गोष्टी विचारून काढाव्या लागतात. वजन किती उतरलं हे बहुतेकांना माहीत नसतं; पट्ट्याला नवीन भोक पाडलं का, ब्लाउज आत घ्यावे लागले का, हे विचारलं की नेमकं उत्तर मिळतं. रात्री झोपेतून शौचाला उठावं लागतं का, हाही प्रश्न हवा, कारण आयबीएसवाला सहसा झोपेतून उठत नाही. तोंड वारंवार येणं, सांधे धरणं, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी, डोळा लाल होऊन दुखणं हेही विचारायचं. आणि सगळ्यात जास्त लपवलं जातं ते भगंदर. 'ऑपरेशन झालंय का? कितीदा?' असं थेट विचारून, पडदा ओढून, ती जागा डोळ्यांनी पाहायलाच हवी. दोन-तीनदा ऑपरेशन होऊनही वाहणारं भगंदर आणि जोडीला पोटदुखी असेल, तर तराजू तिथेच क्रोन्सकडे झुकतो. दुखण्याच्या गोळ्यांची चौकशीही इथेच उरकायची. गुडघ्यासाठी किंवा चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने डायक्लोफेनॅक घेणाऱ्याच्या लहान आतड्यातही असेच अल्सर पडतात, आणि गोळी बंद केली की भरून येतात.

रक्ताच्या तपासण्यांतून सूज आहे एवढं कळतं, कशाची ते नाही. हिमोग्लोबिन उतरलेलं, प्लेटलेट आणि सीआरपी (रक्तातलं सुजेचं माप) चढलेले, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन कमी, असं चित्र दोन्हींत दिसतं. फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याचं माप) वाचताना सावध राहावं, कारण सुजेमुळे ते आपोआप वाढतं. सूज असताना ते 100 च्या खाली असलं तरी लोह कमी असू शकतं. शौचाच्या नमुन्यातलं कॅलप्रोटेक्टिन (आतडं सुजलं की शौचात उतरणारं प्रथिन) प्रतिग्रॅम 50 मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी, आणि 250 च्या वर असेल तर दुर्बीण (कोलोनोस्कोपी) लांबवू नये. पण टीबीतही ते वाढतं. मँटू (त्वचेवरची) आणि आयग्रा (रक्ताची) या टीबीच्या संसर्गाच्या चाचण्या आपल्याकडे धडधाकट माणसातही पॉझिटिव्ह येतात, त्यामुळे त्यांच्यावरून पोटातला आजार ठरत नाही. टीबीच्या अँटीबॉडीच्या रक्तचाचणीवर तर भारत सरकारने 2012 सालीच बंदी घातली. जुन्या फायलीत तिचा रिपोर्ट निघाला तर बाजूला ठेवायचा. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी मात्र सगळ्यांचंच करून ठेवायचं, पुढे लागतं.

दुर्बिणीची खरी तयारी घरीच होते, आणि बिघडते तीही तिथेच. तीन दिवस आधीपासून पालेभाज्या, टोमॅटो, वांगी, पेरू, तीळ, शेवग्याच्या शेंगा बंद. बिया आणि साली दुर्बिणीच्या तोंडाशी अडकतात. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी थांबवायच्या, नाहीतर मळ काळा आणि चिकट होऊन आतड्याला लेपासारखा बसतो. आदल्या दिवशी पातळ आहार म्हणजे भाताची निवळ पेज, वरणाचं वरचं पाणी, नारळपाणी, साखर-लिंबू. कोकम सरबत आणि बीट नको, आत ते रक्तासारखं दिसतं. जुलाबाचं औषध पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं, दोन भागांत विभागून: अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं पहाटे. सोडियम फॉस्फेटची बाटली या पेशंटला देऊ नये. तिनेच आतड्यात बारीक अल्सर पडतात आणि ते क्रोन्सच्या सुरुवातीच्या अल्सरसारखे दिसतात. पोट फुगून उलट्या होत असतील तर घरी काहीच प्यायचं नाही, भरती होऊन आधी पोटाचा फोटो (एक्स-रे) काढायचा.

दुर्बीण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शिरलीच पाहिजे. 'सीकमपर्यंत पाहिलं, नॉर्मल' (सीकम म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) एवढाच रिपोर्ट असेल तर ती तपासणी या प्रश्नापुरती अर्धवट राहिली. टीबीचे अल्सर बहुधा आडवे, आतड्याला वेढा घातल्यासारखे. सीकम आखडलेलं आणि लहान-मोठ्या आतड्यामधली झडप आ वासून उघडी पडलेली. क्रोन्सचे अल्सर उभे, लांबट, मध्येच चांगला भाग सोडून पुन्हा सुरू होणारे, आणि कुठे कुठे फरशीत बसवलेल्या गोट्यांसारखी उंचसखल त्वचा. हे 'बहुधा' मात्र विसरायचं नाही.

दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे (बायॉप्सी) घेतानाची चूक सगळ्यात साधी आणि सगळ्यात नुकसान करणारी. टेबलावर नेहमीची फॉर्मॅलिनची बाटली तयार असते. सिस्टर चिमट्यातला तुकडा सवयीने त्यात सोडतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला तो उत्तम. पण फॉर्मॅलिनमध्ये टीबीचा जंतू मरतो, आणि मेलेला जंतू कल्चरमध्ये वाढत नाही. म्हणून दुर्बीण आत घालण्याआधीच दुसरी निर्जंतुक बाटली, त्यात थोडं नॉर्मल सलाईन, आणि झाकणावर जाड मार्करने 'टीबी कल्चर – फॉर्मॅलिन नको'. अल्सरची कड आणि तळ मिळून सहा ते आठ तुकडे, त्यातले तीन-चार सलाईनमध्ये. चांगल्या दिसणाऱ्या भागाचे आणि गुदाशयाचे तुकडेही वेगळ्या बाटल्यांत, प्रत्येकीवर जागेचं नाव. सलाईनची बाटली त्याच दिवशी लॅबमध्ये पोचायला हवी. सीबीनॅटचं (जंतूचं जनुक शोधणारं) मशीन दोनेक तासांत उत्तर देतं आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल का हेही सांगतं. द्रव कल्चर निगेटिव्ह ठरवायला 42 दिवस थांबावं लागतं. पॉझिटिव्ह आलं तर प्रश्न मिटला. निगेटिव्ह आलं तर काहीच मिटत नाही, कारण आतड्याच्या भिंतीत जंतू मुळातच मोजके असतात. पॅथॉलॉजीचंही तसंच. मोठे, एकमेकांत मिसळलेले, मधोमध पनीरासारखे मृत झालेले ग्रॅन्युलोमा (सुजेच्या पेशींचे पुंजके) म्हणजे टीबी; पण तसं ठसठशीत चित्र थोड्यांच्याच तुकड्यांत मिळतं. उरलेल्यांच्या रिपोर्टखाली 'लक्षणांशी ताडून पाहावे' अशी ओळ येते आणि चेंडू पुन्हा ओपीडीत.

म्हणून एंटेरोग्राफी, म्हणजे लहान आतडं पाण्याने फुगवून काढलेलं सीटी. साधं सीटी आणि हे एक नव्हे. मॅनिटॉल घातलेलं एक ते दीड लिटर पाणी पाऊण ते एक तासात थोडं थोडं प्यायचं, म्हणजे लहान आतडं फुगून भिंत दिसते. भराभर प्यायलं तर उलटी होते, फार रेंगाळलं तर पाणी पुढे निघून जातं आणि आतडं चिकटलेलंच दिसतं. नंतर हमखास जुलाब होतात. तपासणी झाल्या झाल्या एसटी पकडू नये. मधोमध मेलेल्या लसीकागाठी आणि पोटात पाणी दिसलं तर टीबी. लांबलचक, तुटक तुटक सुजलेलं आतडं, त्याला जाणाऱ्या रक्तवाहिन्या कंगव्याच्या दातांसारख्या उभ्या आणि भोवती चरबी चढलेली दिसली तर क्रोन्स.

एवढं करूनही काही फायली मध्येच अडकतात. त्यांच्यासाठी टीबीच्या औषधांची चाचणी. हा उपचारही आहे आणि तपासणीही, म्हणून ती तपासणीसारखीच शिस्तीत व्हायला हवी. निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर नोंद करायची. नोंद झाली की पोषणासाठी महिन्याला 1000 रुपये पेशंटच्या खात्यात येतात (नोव्हेंबर 2024 च्या आधी 500 होते). सरकारी चार औषधांची एकत्र गोळी वजनावर ठरते: 35 ते 49 किलोला रोज तीन, 50 ते 64 ला चार. दोन महिने चार औषधं, मग चार महिने तीन. लघवी केशरी होते, त्याला घाबरायचं नाही. जेवण नकोसं होऊन डोळे पिवळे दिसले तर मात्र गोळ्या थांबवून त्याच दिवशी यायचं, लिव्हरला त्रास झालेला असू शकतो. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्यांनी दुसरी सोय करावी, रिफाम्पिसिन त्या गोळीचा असर कमी करतं. आणि या काळात स्टेरॉईड सोबत द्यायचं नाही. दोन्ही एकदम दिली तर पेशंट कशाने सुधारला ते कुणालाच कळत नाही.

दोन महिन्यांनी सीआरपी, कॅलप्रोटेक्टिन आणि पुन्हा दुर्बीण. बहुतेक भांडण इथेच होतं. 'मला बरं वाटतंय, दोन किलो वजन वाढलंय, परत नळी कशाला?' कारण क्रोन्सच्या पेशंटलाही टीबीच्या गोळ्यांवर सुरुवातीला बरं वाटतं, वजनही थोडं चढतं. अल्सर मात्र भरत नाही. टीबी असेल तर दोन महिन्यांत अल्सर भरलेले किंवा भरत आलेले दिसतात. उलटा चकवाही आहे. टीबी पूर्ण बरा होतो, पण भरताना व्रणाने आतडं आवळून जातं आणि पोटदुखी तशीच राहते. तिथे 'गोळ्या लागू पडल्या नाहीत, म्हणजे क्रोन्स' असा निष्कर्ष काढला तर चुकला. त्या माणसाला फुगा घालून आतडं रुंद करणं किंवा ऑपरेशन लागतं. बरं वाटणं आणि न वाटणं, दोन्हींवर विसंबता येत नाही, म्हणून पुन्हा नळी. अल्सर जसेच्या तसे असतील तर औषध न जुमानणारा टीबी नाही ना, यासाठी तुकडे पुन्हा कल्चरला पाठवायचे आणि क्रोन्सकडे वळायचं. 'अजून तीन महिने देऊन पाहू' करत सहाचे अठरा महिने झालेले कोर्स आमच्यापुढे येतात, तोवर आतडं बोरूसारखं झालेलं असतं.

ज्याला भगंदर आहे, लांब पट्ट्यात आजार आहे, नडगीवर गाठी आहेत आणि टीबीची एकही खूण नाही, त्याला ही चाचणी लावू नये. 'भारत आहे, देऊन टाका' हा विचार आळसाचा आहे.

क्रोन्स ठरल्यावर आग विझवायला स्टेरॉईड. प्रेडनिसोलोन 40 मिलिग्रॅम, दर आठवड्याला 5 ने कमी, म्हणजे आठ आठवड्यांत बंद. आजार शेवटच्या टोकापुरता आणि सौम्य असेल तर ब्युडेसोनाईड 9 मिलिग्रॅम. ते बरंचसं आतड्यातच काम करतं. सोबत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. स्टेरॉईड इतकं झटपट गुण देतं की तीच त्याची अडचण. चिठ्ठी जपून ठेवून दुकानातून परस्पर आणणारे आणि एका दिवसात अचानक बंद करणारे, दोघंही चक्कर येऊन इमर्जन्सीत येतात. मेसालामिन अनेकांच्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं असतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (फक्त मोठ्या आतड्याला सूज आणणाऱ्या आजारात) ते कामाचं, लहान आतड्याच्या क्रोन्समध्ये त्याचा भरवसा नाही. तो खर्च वाचवलेला बरा.

अझाथायोप्रीन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. ती किलोमागे 2 ते 2.5 मिलिग्रॅमपर्यंत न्यायची, पण सुरुवात 50 ने. असर दिसायला दोन-तीन महिने लागतात. भारतीयांत नुड्ट-15 या जनुकाचा बदल बऱ्यापैकी आढळतो, आणि तो असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी या औषधाने एकदम कोसळतात. जनुकाची चाचणी परवडत नसेल तर दुसऱ्या, चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मग दर तीन महिन्यांनी. पहिल्या महिन्याभरात कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी करायचं. केस गळणं ही पेशी कोसळण्याचीच खूण असू शकते. युरिक ॲसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट कुणी सुरू केलं तर ते आणि अझाथायोप्रीन एकत्र चालणार नाहीत.

जैविक औषधं (इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅबसारखी सूज रोखणारी इंजेक्शनं) शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायची पद्धत आता मागे पडतेय. 2024 साली आलेल्या ब्रिटनच्या प्रोफाइल चाचणीत निदान होताच इन्फ्लिक्सिमॅब सुरू केलेल्यांपैकी 79 टक्के वर्षभर स्टेरॉईड आणि ऑपरेशनशिवाय ठीक राहिले. पायरी पायरीने चढवलेल्यांत 15 टक्के. आपल्याकडे अडतं ते पैशावर आणि पुन्हा टीबीवर. ही औषधं शरीराने कोंडून ठेवलेला टीबी मोकळा सोडतात. म्हणून आधी आयग्रा आणि छातीचं सीटी, आणि सुप्त टीबी निघाला तर आयसोनियाझिड सहा महिने किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन मिळून आठवड्यातून एकदा असे बारा डोस. त्यातला निदान एक महिना झाल्यावर पहिलं इंजेक्शन. आयग्रा स्टेरॉईड सुरू करण्याआधीच काढून ठेवावी, नंतर उत्तर धूसर येतं.

इन्फ्लिक्सिमॅब किलोमागे 5 मिलिग्रॅम, शून्य, दोन आणि सहाव्या आठवड्याला, मग दर आठ आठवड्यांनी. बाटली 100 मिलिग्रॅमची, त्यामुळे 40 किलोला दोन बाटल्या पुरतात आणि 44 किलोला तिसरी फोडावी लागते. अडालिमुमॅब घरी टोचता येतं: 160, दोन आठवड्यांनी 80, मग दर दोन आठवड्यांनी 40. त्याची जगातली पहिली बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतीजुळती) आवृत्ती झायडसने डिसेंबर 2014 मध्ये भारतात आणली. ते 2 ते 8 अंशांत राहायला हवं. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचं, फ्रीझरमध्ये नाही, आणि बर्फाला थेट टेकवायचं नाही. गोठलेलं इंजेक्शन दिसायला ठीक असलं तरी फेकायचं. अंतर मात्र ताणायचं नाही. 'पैसे जमले की पुढचं घेऊ' म्हणत आठाचे सोळा आठवडे झाले की शरीर औषधाविरुद्धच अँटीबॉडी बनवतं. मग पुढचं सलाईन लावताच थंडी वाजते, छाती भरून येते, आणि ते औषध कायमचं हातातून जातं. वर्षभराचा हिशोब जमत नसेल तर सुरू करण्याआधीच तसं बोलून दुसरा मार्ग धरलेला बरा. लहान पट्ट्यातला आजार असेल तर पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीच्या ऑपरेशनने (लॅपरोस्कोपीने) तो भाग काढणं हाही चांगला मार्ग आहे, हरल्याची कबुली नव्हे. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी आतडं जोडलेल्या जागी पुन्हा दुर्बीण, आणि बी-12 वर नजर.

जेवणाबद्दल सगळे विचारतात, आणि ऐकीव पथ्यांनी बरेच जण आजारापेक्षा जास्त वाळतात. आतडं अरुंद असेल तर मक्याचं कणीस, ऊस, फणसाचा चोथा, संत्र्याच्या फोडीची साल, शेवग्याची शेंग, कच्चा कोबी टाळायचा; हे अडकतात. मऊ भात, मुगाचं वरण, दुधी, नाचणीची गाळलेली आंबील, अंडं, पिकलेलं केळं, पचत असेल तर ताक. आतडं मोकळं असेल तर भाज्या सोडायचं कारण नाही. बिडी-सिगारेट मात्र सुटलीच पाहिजे.

मूल हवं असेल तर आजार शांत असताना राहू द्यावं. मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध) असेल तर ते काही महिने आधीच बंद करून. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब गरोदरपणात चालू ठेवता येतात, पण शेवटच्या तिमाहीत ती नाळेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर कित्येक महिने त्याच्या रक्तात राहतात. आपल्याकडे बाळाला जन्मल्या जन्मल्या बीसीजी टोचतात, आणि तो जिवंत जंतू असतो. 2010 साली ब्रिटनमधून अशा एका बाळाचा मृत्यू नोंदवला गेला. आईला क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब चालू होतं, बाळाला तीन महिन्यांचं असताना बीसीजी दिली होती. म्हणून सातव्या महिन्यातच बाळंतपणाच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवायचं: निदान सहा महिने, आणि इन्फ्लिक्सिमॅब असेल तर वर्षभर, बीसीजी देऊ नये; रोटाव्हायरसची लस बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. रात्रपाळीच्या सिस्टरला तोंडी सांगून भागत नाही. सकाळी पाळी बदलते, आणि लसीकरणाचा ट्रे वॉर्डात फिरायला लागतो.